पाद्र्यांची शाळा आणि आमचें घर



मुलाचें नांव शाळेंत घालतांना घराचा आणि शाळेचा जो संबंध जडतो, तो बहुधा मुलाचें नांव शाळेंतून काढतांना संपतो. दाखला हातीं आला, शेवटच्या फीची पावती मिळाली, कीं उभयपक्षीं मोकळीक. ह्यांत वावगें असें कांहीं नाहीं. माझी स्वतःची सारी नोकरी जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळांत गेली, आणि चौथीचा वर्ग पुढें गेल्यावर त्यांतील कितीक मुलांचीं घरें पुन्हा माझ्या दृष्टीसही पडलीं नाहींत. परंतु कांहीं शाळा अशा असतात कीं त्यांच्याशीं जडलेला संबंध मुलगा बाहेर पडला तरी सुटत नाहीं. तो मुलाकडून आईबापांकडे, आत्या-मामांकडे, आणि पुढें नातवंडांकडे पसरत जातो. पुण्याच्या परिसरांत असे संबंध ज्या शाळांशीं जडलेले मीं पाहिले त्यांत रोमन कॅथलिक पंथाच्या जेसुइट पाद्र्यांच्या दोन शाळा येतात. एक लष्कर भागांतील सेंट व्हिन्सेंट्स, आणि दुसरी पाषाण रस्त्यावरील लोयोला. आम्ही मुळशी तालुक्यांतील माण गांवचे माळकरी शेतकरी. आमच्यासारख्या घराचा दुसऱ्या शाळेशीं ऋणानुबंध कसा जडला, आणि तो आज जवळजवळ पन्नास वर्षें कसा टिकला, हें मला आज आपणांस सांगावयाचें आहे.

हा ऋणानुबंध सहजासहजीं जडण्यासारखा नव्हता हें प्रथम ध्यानांत घेतलें पाहिजे. पाद्र्याची शाळा म्हटली कीं मराठी गृहस्थाच्या काळजांत एके काळीं धस्स होत असे, आणि तें निष्कारण नव्हतें. १८४३ सालीं मुंबईंत श्रीपत शेषाद्रि नांवाचा एक अल्पवयी ब्राह्मण मुलगा स्कॉटिश मिशनच्या पाद्र्यांकडे राहावयास गेला. प्रकरण कोर्टांत गेलें, मुलगा बापाच्या स्वाधीन झाला, आणि त्याला परत जातींत घ्यावें म्हणून बाळशास्त्री जांभेकरांनीं खटपट केली तेव्हां उलट त्यांनाच सनातनी मंडळींचा रोष सोसावा लागला. १८८० सालीं पुण्यांत विष्णुशास्त्री चिपळूणकर, टिळक आणि त्यांचे सहकारी यांनीं न्यू इंग्लिश स्कूल काढलें, त्यामागें आपल्या मुलांचें शिक्षण आपल्याच हातीं असावें ही ईर्षा होती. पुढें दहाच वर्षांनीं पंचहौद मिशनमधील चहाचें प्रकरण गाजलें आणि टिळक-रानड्यांसारख्यांवरही प्रायश्चित्ताचा प्रसंग येऊन ठेपला. आतां हीं दोन्ही मिशनें कॅथलिक नव्हत, हें खरें. परंतु पेठेंतल्या किंवा खेड्यांतल्या माणसाला पंथापंथांतील हा भेद कोठून ठाऊक असणार? त्याच्या लेखीं सगळे झगे सारखेच.

सेंट व्हिन्सेंट्सची स्थापना १८६७ सालची. म्हणजे न्यू इंग्लिश स्कूलपेक्षां ती तेरा वर्षांनीं वडील. ती लष्कराच्या वस्तींतली शाळा. पेठांतील लोकांचें तिच्याकडे फारसें जाणें-येणें नसावें. पण कॅम्पांतील पारशी-इराणी कुटुंबांनीं मात्र तिला लवकर जवळ केलें. पुढें मेहेरबाबा म्हणून प्रसिद्धीस आलेले मेरवान शेरियार इराणी ह्याच शाळेचे विद्यार्थी, आणि तेथूनच ते डेक्कन कॉलेजांत गेले. मुंबई-पुण्याकडे त्या काळीं काम करणारे जेसुइट बहुतांशीं जर्मन असत. १९१४ सालीं पहिलें महायुद्ध सुरू झालें आणि सरकारनें ह्या जर्मन पाद्र्यांना शत्रुराष्ट्राचे म्हणून स्थानबद्ध केलें, आणि पुढें त्यांची मायदेशीं रवानगी केली. शाळा मात्र चालू राहिली. पुढें पुण्याच्या कामांत स्विस पाद्र्यांचा वाटा मोठा झाला. ह्या स्विस मंडळींपैकीं फादर रुडॉल्फ शॉख हे सेंट व्हिन्सेंट्सचे मुख्याध्यापक होते. त्यांनींच पुढें १९६१ सालीं पाषाणला लोयोला शाळा काढली. पुणेकरांना तें साल वेगळ्याच कारणानें आठवतें. त्याच वर्षीं १२ जुलै रोजीं पानशेतचें धरण फुटलें.

येथें एक गोष्ट सांगून टाकतों. जेसुइट आणि मराठी यांची ओळख कांहीं कालपरवांची नव्हे. ह्या संघाची स्थापना १५४० ची, आणि त्यांचें पहिलें विद्यालय इटलींत मेसिना येथें १५४८ सालीं निघालें. पुढें गोव्यांत आलेला त्यांच्यांतला फादर स्टीफन्स हा जातीचा इंग्रज. पण त्यानें ख्रिस्तपुराण रचलें तें मराठी ओंव्यांत, आणि तें १६१६ सालीं छापलें गेलें. म्हणजे तुकोबा तेव्हां लहान मुलगा होता! आमच्या काळींही पुण्याच्या शनिवार पेठेंत स्नेहसदन चालविणारे जर्मन जेसुइट फादर लेदर्ले यांनीं महाराष्ट्रांतील आधुनिक तत्त्वचिंतनावर ग्रंथ लिहिला. आणि मराठी बोलणारा कॅथलिक पाहावयाचा तर वसईस जावें. तेथील फादर फ्रान्सिस दिब्रिटो हे २०२० सालीं उस्मानाबाद येथें भरलेल्या त्र्याण्णवाव्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते. तेव्हां कॅथलिक म्हणजे साहेब हा जो आपल्याकडचा समज आहे, तो निदान सुशिक्षित घरांतून तरी जावयास हरकत नाहीं.

आतां आमच्या घराकडे वळतों. माझी थोरली बहीण, जिला आम्ही सारे आक्का म्हणतों, ती लग्न होऊन पाषाणला गेली. दाजी राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेंत नोकरीस होते. त्यांचा मुलगा १९७७ सालीं लोयोलांत दाखल झाला. शाळा घरापासून पायीं जाण्याजोगी होती आणि प्रयोगशाळेंतील दाजींच्या सोबत्यांचीं मुलें तेथें जात होतीं. ह्याहून खोल विचार त्या वेळीं कोणीं केला असेल असें मला वाटत नाहीं. विचार केला तो माझ्या वडिलांनीं. आमचे आबा माळकरी. पंढरीची वारी त्यांनीं कधीं चुकविली नाहीं. नातवाचें नांव पाद्र्यांच्या शाळेंत घातल्याचें कळतांच त्यांनीं दोन दिवस आक्काशीं बोलणें टाकलें. मग एके दिवशीं स्वतःच पाषाणास गेले आणि एकच अट घातली : पोराच्या गळ्यांतली तुळशीची माळ कोणी काढावयाची नाहीं.

ही अट शाळेला कळवावी कशी, हा आक्कापुढें प्रश्न पडला. दाजी म्हणाले, कळवूं नये. पाहूं काय होतें तें. झालें तें असें, कीं एक दिवस खेळाच्या तासाला माळ तुटण्याची भीति वाटून मुलानें आपण होऊनच ती हातांत काढून घेतली. तेथें एक वृद्ध फादर होते. त्यांनीं ती एका पाकिटांत घातली, पाकिटावर मुलाचें नांव लिहिलें, आणि घंटा होतांच त्याच्या हातीं परत देऊन गळ्यांत घालावयास लावली. तेव्हांपासून खेळाच्या दिवशीं माळेचें पाकीट हा त्या दोघांमधील नित्याचा व्यवहार होऊन बसला. हें आबांच्या कानीं गेलें. ते कांहीं बोलले नाहींत, पण पुढच्या वारीहून येतांना त्यांनीं नेहमींपेक्षां जास्त चुरमुरे-बत्तासे आणले आणि त्यांतली एक पुडी ‘त्या गुरुजींना’ द्यावी असें आक्काला सांगितलें. आबा फादरांना कधींच फादर म्हणत नसत; ‘ते गुरुजी’ म्हणत.

आपल्या राज्यघटनेनें ह्या बाबतींत मुलाचें रक्षण केलेलेंच आहे. सरकारमान्य शाळेंत आईबापांच्या संमतीवांचून कोणत्याही मुलाला धर्मशिक्षणास किंवा उपासनेस बसवितां येत नाहीं, असें अठ्ठाविसावें कलम सांगतें. ख्रिस्ती मुलांस धर्मशिक्षण आणि इतरांस त्या वेळीं नीतिपाठ, अशी व्यवस्था अशा शाळांत सर्रास असते. परंतु कायद्यानें फार तर माळ काढूं नका म्हणून सांगतां येतें. ती पाकिटांत जपून ठेवा म्हणून सांगणारा कायदा अजून झालेला नाहीं.

माझ्या स्वतःच्या मुलांची गोष्ट ह्यानंतरची. थोरला १९९२ सालीं आणि धाकटा १९९५ सालीं त्याच शाळेंत गेला. दोघेही सोमवार ते शनिवार आत्याकडे राहात आणि शनिवारीं दुपारीं मी त्यांना सूस-नांद्याच्या रस्त्यानें सायकलवर, पुढें लूनावर, माणला घेऊन येत असें. त्या वेळीं तो रस्ता म्हणजे नुसती खडी. माण गांव तेव्हां भाताचें आणि ज्वारीचें होतें. संगणकाच्या कंपन्यांचें नांवही कोणाला ठाऊक नव्हतें.

आतां ज्यांनीं हें भाषण इतका वेळ ऐकलें त्यांच्या मनांत एक प्रश्न आला असेल. तो मला माझ्या गांवांत उघडपणें विचारण्यांत आला. पारावर एक गृहस्थ म्हणाले, “गुरुजी, आमचीं पोरें तुमच्या हाताखालीं, आणि तुमचीं पोरें पाद्र्याच्या हाताखालीं. हा न्याय कोणता?” प्रश्न रास्त होता. मीं जें उत्तर तेव्हां दिलें तेंच आजही देईन. मी जुन्या अकरावीचा मॅट्रिक. १९७५ सालीं, म्हणजे त्या परीक्षेच्या शेवटच्या तुकडींत, पास झालों. इंग्रजीचें एक पत्र लिहावयाचें तर अजूनही मला घाम फुटतो, आणि त्यापायीं माझीं कोणतीं दारें बंद झालीं हें मला पक्कें ठाऊक होतें. तीं मुलांसाठीं उघडावीं अशी माझी इच्छा होती, आणि आत्याचें घर पाषाणांत असल्यानें तें मला परवडत होतें. जें मला परवडतें तें तुम्हांला परवडत नाहीं, ह्याला मी न्याय म्हणत नाहीं. मात्र मुलें माझ्या वर्गांत असोत वा नसोत, वर्गाला मी काय देतों तें तुम्ही पाहा, असें मीं त्यांना म्हटलें. ते गृहस्थ हंसले, आणि दुसऱ्या दिवशीं पोराला घेऊन शाळेंत आले. त्यांचें समाधान झालें असें मला म्हणवत नाहीं.

पण देण्याची गोष्ट मीं उगीच काढली नाहीं. त्या शाळेंत मुलाजवळ एक छोटी छापील वही असते. तींत नियम, प्रार्थना, सुट्या, आणि मागें कोरीं पानें. ह्या पानांवर शिक्षकानें दोन ओळी लिहावयाच्या आणि पालकानें खालीं सही करून धाडावयाची. थोरल्याच्या वहींत पांचवींत असतांना त्याच्या मराठीच्या सरांनीं लिहिलें : “ऱ्हस्व-दीर्घ सुधारणें अवश्य. घरीं रोज एक पान मोठ्यानें वाचून घ्यावें.” खालीं सही करणारा मी, मराठी शाळेचा शिक्षक! आक्काला हंसूं आवरेना. मीं सही केली आणि खालीं उत्तर लिहिलें, कीं आत्याकडे रोज संध्याकाळीं हरिपाठ होतो, तो ह्यापुढें मुलगा पाहून वाचील. सरांनीं लिहिलें, “हरिपाठ उत्तम, पण तो पाठ असल्यानें डोळे अक्षरांवर राहात नाहींत, वर्तमानपत्र द्यावें.” असा आमचा पत्रव्यवहार वर्षभर चालला. मीं त्या सरांना त्या वर्षांत प्रत्यक्ष दोनदांच भेटलों असेन. पण मुलाच्या अभ्यासाबद्दल इतकें बोलणें माझें माझ्या शेजारच्या वर्गावरील सहकाऱ्यांशींही कधीं झालें नाहीं.

आणि येथें एक खुलासा अगदीं आवश्यक आहे. अशा शाळांचें नांव निघालें कीं लोक ‘फादर, फादर’ करतात. फादर मंडळी शाळेंत असतात चार-दोन. फळ्यापुढें दिवसभर उभे राहणारे ते सर आणि त्या बाई. त्यांत मराठी असतात, गोव्याकडील असतात, मंगळुरी असतात, हिंदु असतात, ख्रिस्ती असतात. संस्था पाद्र्यांची खरी. पण माझ्या मुलांचे ऱ्हस्व-दीर्घ सुधारले ते एका धोतर-टोपीवाल्या घरांतून आलेल्या मराठी शिक्षकानें. त्या वर्गाला श्रेय देण्यांत आपण नेहमींच हात आंखडता घेतों, आणि मी स्वतः त्याच धंद्यांतला असल्यानें मला तें विशेष लागतें.

तरीही फादरांमध्यें एक गोष्ट अशी असते जी आम्हां संसारी शिक्षकांत असूं शकत नाहीं. त्यांना घर नसतें. माझी शाळा सुटली कीं मला भाताची लावणी असे, बाजार असे, सोयऱ्यांचीं लग्नें असत. त्यांना शाळेवांचून दुसरें कोणीच नाहीं. म्हणून विद्यार्थ्याचें घर हेंच त्यांचें सोयरेपण. १५९९ सालीं जेसुइटांनीं आपल्या शाळांसाठीं एक नियमांचा ग्रंथ सिद्ध केला. त्यांत उजळणी, चढाओढ, बक्षिसें, नाटकें हीं सर्व सांगितलेलीं आहेत. त्यांपैकीं उजळणी आणि चढाओढ आमच्या पंतोजींच्या शाळेंतही होती. पण पंतोजीला बायकामुलें होतीं, आणि गांवानें दिलेल्या शिध्यांत त्याला तीं पोसावीं लागत. सगळा फरक एवढ्यानें पडतो असें मी म्हणणार नाहीं. परंतु पुष्कळ पडतो.

आबा वारले तें १९९९ सालीं. तेराव्या दिवशीं दुपारीं एक फादर स्कूटरवरून माणला आले. सोबत कोणी नाहीं. गोऱ्या कातडीचे नव्हेत, आपल्याकडचेच. पण पांढरा झगा अंगावर. आतां आमच्या भागाची हकीगत अशी, कीं बाहेरचा माणूस गांवांत आला कीं तो जमिनीसाठींच आला असें समजावयाचें. १९२१ सालीं मुळशीच्या धरणासाठीं टाटा कंपनीनें मावळ्यांच्या जमिनी घेतल्या, आणि सेनापति बापटांचा सत्याग्रह होऊनही त्या गेल्याच. माणची जमीन बुडाली नाहीं, तरी सोयरेधायरे बुडाले. आणि १९९९ सालीं तर हिंजवडीच्या कारखान्यांसाठीं मोजणी चालू होती. फादर वाड्यांत शिरतांच शेजारचे दोन म्हातारे माझ्यापाशीं येऊन हळूच म्हणाले, “कितीला मागतोय?” मीं सांगितलें कीं पोरांच्या शाळेचे गुरुजी आहेत. त्यांचा विश्वास बसला नाहीं. फादर घोंगडीवर बसले, पानांत पडेल तें जेवले, आणि रात्रीं भजन आहे हें ऐकून थांबले. भजन चालू असतां ते डोळे मिटून बसले होते. मध्येंच एका अभंगाचा अर्थ त्यांनीं मला विचारला, तो मीं माझ्या परीनें सांगितला. पहाटे निघतांना त्या दोघां म्हाताऱ्यांपैकीं एकानें त्यांच्या स्कूटरच्या मागें तांदळाचें गांठोडें बांधून दिलें. इंद्रायणी तांदूळ होता.

त्या रात्रीनंतर मीं एक पाळलें. वर्गांतल्या मुलाच्या घरीं वर्षांतून एकदां तरी जावयाचें, आणि तें तक्रार घेऊन नव्हे. त्याचप्रमाणें पाद्र्यांच्या शाळेची ती वही मीं माझ्या वर्गांत आणली. छापील नव्हे, वीस पानांची साधी वही, वर मुलाचें नांव. अडचण अशी होती कीं माझ्या वर्गांतील निम्म्या आयांना वाचतां येत नसे. मग मी लिहिलेलें मूलच आईला वाचून दाखवी, आणि स्वतःबद्दलची तक्रार वाचतांना तींत सोयीस्कर फेरफार करी. हा घोटाळा ध्यानांत आल्यावर मीं तक्रारी लिहिणें बंद करून फक्त चांगलें तेवढें लिहूं लागलों. मुलें तें मात्र जसेंच्या तसें वाचीत! निवृत्त होईपर्यंत मीं ती वही चालविली. माझ्या शाळेला पाद्र्यांच्या शाळेनें दिलेली ही देणगी. ह्याचा हिशोब कोणत्याही अहवालांत लागावयाचा नाहीं.

आतां जें सांगावयाचें आहे तें थोडें अवघड आहे. अशा शाळांचा नांवलौकिक वाढला, तशी त्यांच्या दारांतली गर्दी वाढली. आणि गर्दी झाली कीं नात्याला भाव येतो. ‘मी ह्या शाळेचा माजी विद्यार्थी, माझ्या मुलाला आधीं घ्या’ हें म्हणणें ऐकावयास गोड आहे. पण ह्याच मार्गानें आपल्या देशांत सेवेचीं वतनें झालीं. पाटीलकी-कुलकर्णीपण कायद्यानें गेलें, हें शाळेच्या बांकावर पुन्हा बसावयास नको. २००९ च्या शिक्षणहक्काच्या कायद्यानें खासगी शाळांतल्या पंचवीस टक्के जागा दुर्बळ घरांतील मुलांसाठीं राखल्या. परंतु घटनेच्या तिसाव्या कलमानें अल्पसंख्याकांना आपल्या शाळा चालविण्याचा जो हक्क दिला आहे, त्याच्या आधारें सुप्रीम कोर्टानें २०१४ सालीं अशा शाळा ह्या कायद्यांतून वगळल्या. हा हक्क मला मान्य आहे. ज्या समाजाची संख्या थोडी त्याला आपली संस्था आपल्या हातीं ठेवतां आली पाहिजे. न्यू इंग्लिश स्कूल काढणाऱ्यांना तरी दुसरें काय हवें होतें? पण कायद्यानें न सांगितलेलें करण्यांतच ह्या शाळांची खरी ओळख मला पटली होती. तेव्हां माझ्यासारख्या घरांनीं त्यांच्याकडे हक्क मागूं नये, आणि कायदा सांगत नसला तरी माणच्या एखाद्या मजुराच्या पोराला त्यांनीं बोलवावें, एवढें म्हणण्याचा मला अधिकार आहे असें मी समजतों.

हा वाद आमच्या घरांत झाला. माझ्या थोरल्याचा मुलगा आतां शाळेंत जाण्याच्या वयाचा झाला. थोरला माणलाच, संगणकाच्या कंपनींत आहे. जेथें आमचा भात होता तेथें आतां वीस-वीस मजली इमारती उभ्या आहेत, आणि त्यांतल्याच एकींत तो राहातो. आक्काचें म्हणणें असें, कीं भाचा त्या शाळेंत शिकला, माझीं दोन्ही मुलें शिकलीं, भाच्याचा मुलगा शिकून २०१९ सालीं बाहेर पडला; आतां हा चौथा खंड कां पडावा? थोरल्यानें तिला सांगितलें, “आत्या, मी तुझ्या घरीं राहून पायीं शाळेंत गेलों. हा रोज दोन-दोन तास गाडींत बसणार. आणि आमचें नांव सांगून जागा मागायची, तर ती कोणाची तरी जाणार.” आक्का रुसली. दाजी आतां नाहींत; त्यामुळें तिची समजूत घालण्याचें काम माझ्याकडे आलें. मीं थोरल्याची बाजू घेतली. नातू घराजवळच्या शाळेंत गेला.

त्या शाळेची इमारत कांचेची आहे. बस आहे, पोहण्याचा तलाव आहे, आणि मुलानें दुपारीं काय खाल्लें तें आईच्या फोनवर येतें. पण पहिल्या वर्षांत त्याच्या वर्गावरच्या बाई तीन वेळां बदलल्या, आणि त्याच्या सोसायटींतल्या निम्म्या पालकांनीं दुसऱ्या वर्षीं शाळाच बदलली. दोन्ही बाजूंना एकमेकांची नांवें लक्षांत ठेवण्याचें कारण पडत नाहीं. ह्यांत दोष कोणाचा हें ठरविणें मला कठीण वाटतें. नोकऱ्याच अशा झाल्या आहेत कीं माणूस एका गांवीं दहा वर्षें राहात नाहीं. मग शाळेंत कोठून राहाणार?

पाषाणचें येणें-जाणें मात्र थांबलेलें नाहीं. धाकटा पुण्यांतच असतो. दहावीच्या मुलांसाठीं तो वर्षांतून कांहीं शनिवार गणित घेतो; लोयोलांत नव्हे, माणच्या जिल्हा परिषदेच्या शाळेंत शिकून पुढें गेलेल्या मुलांसाठीं, आमच्याच ओटीवर. पण त्याचीं टिपणें काढून द्यावयास त्याचे लोयोलाचे दोन जुने सोबती येतात. भाचा ३१ जुलैला, म्हणजे त्यांच्या संत इग्नेशसच्या सणाला, सवड असेल तर शाळेंत एक चक्कर मारतो.

आणि आक्का. तिचा तर एक वेगळाच व्यवहार आहे. भाचा शाळेंत असतांना तिनें एका दिवाळीला पितळेच्या डब्यांत करंज्या भरून फादरांच्या निवासांत पाठविल्या. दीड-दोन महिन्यांनीं, नाताळांत, डबा परत आला तो रिकामा नव्हता. त्यांत गोव्याकडची कुलकुलें होतीं आणि नेवऱ्या होत्या. आक्कानें नेवरी फोडून पाहिली आणि म्हणाली, “अग बाई, ही तर करंजीच!” तेव्हांपासून तो डबा दिवाळीला जातो आणि नाताळांत येतो. ज्यांनीं पहिल्यांदां तो घेतला ते फादर केव्हांच गेले. त्यांच्या मागून आलेल्यांनाही हा डबा कोणाचा तें सांगून ठेवलेलें असावें, कारण तो कधीं चुकून दुसऱ्या घरीं गेला नाहीं. ह्या वर्षीं आक्काचे गुडघे फार दुखतात. करंज्या सुनेनें लाटल्या आणि आक्कानें बसल्या जागेवरून मुरड घातली. डबा घेऊन जाण्याची पाळी ह्या खेपेस माझी आहे. नातवालाही बरोबर नेणार आहें. त्यानें ती शाळा अजून पाहिलेली नाहीं.